दुष्यंताचे विस्मरण : पात्राचा हेतू आणि नाटककाराची निवड

अभिजात वाङ्मयाच्या अभ्यासात दोन प्रश्न पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात. एखादे पात्र असे का वागले, हा पहिला प्रश्न. आणि लेखकाने त्यास असे का वागविले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कथेच्या आत, म्हणजे पात्राचा स्वभाव, त्याची परिस्थिती आणि त्या क्षणी त्यास असलेले ज्ञान यांत शोधावयाचे असते. दुसऱ्याचे उत्तर रचनेत, म्हणजे लेखकाने पूर्वपरंपरेतून काय घेतले, काय टाकले आणि काय नवे घातले यांत शोधावे लागते. दोन्ही प्रश्नांचा संबंध निकटचा असला तरी एकाचे उत्तर दुसऱ्यास लावल्याने विवेचन फसते. याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकातील दुष्यंताचे विस्मरण होय.

दुष्यंताने शकुंतलेस का नाकारले, असे विचारताच ‘दुर्वासाच्या शापामुळे’ असे उत्तर तत्काळ दिले जाते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. शाप हे विस्मरणाचे कारण आहे, हेतू नव्हे. तेवढेच उत्तर पुरेसे मानले, तर पाचव्या अंकातील निराकरण हा निव्वळ अपघात ठरतो, शकुंतलेचा संताप हा गैरसमज ठरतो आणि सहाव्या अंकातील राजाचा पश्चात्ताप हा निष्कारण शोक ठरतो. नाटकाचा उत्तरार्धच अशा रीतीने पोकळ होतो. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून ही कथा मराठी प्रेक्षकांच्या विशेष जवळची झाली आहे. अतिपरिचयामुळे शापाची योजना गृहीत धरली जाते आणि ती निवड होती, हेच विसरले जाते. ती कोणत्या पर्यायांतून झाली, हे आधी पाहिले पाहिजे.

१. पूर्वपरंपरेतील दुष्यंत

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात शाप नाही आणि मुद्रिकाही नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीत (आदिपर्व, संपादक वि. स. सुखठणकर, १९३३) ही कथा ज्या रूपात मिळते, त्यात आश्रमातील शकुंतला राजाच्या प्रस्तावास एका अटीवर मान्यता देते : आपल्या पोटी होणारा पुत्रच युवराज व्हावा. राजा फारसा विचार न करता ती अट मान्य करतो, तिला आणविण्यासाठी सैन्य पाठविण्याचे आश्वासन देतो आणि निघून जातो. सैन्य येत नाही. पुढे मुलगा मोठा झाल्यावर शकुंतला त्यास घेऊन राजसभेत जाते. राजास सर्व काही आठवत असते. तरीही तो आठवत नसल्याचे सांगतो. व्यासांनी ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही. निवेदक राजाचे असत्य श्रोत्यास आधीच स्पष्ट सांगतो.

यानंतरचे शकुंतलेचे भाषण हे या उपाख्यानाचे हृदय आहे. पत्नीचे स्थान, पुत्राचे महत्त्व आणि सत्याची श्रेष्ठता यांविषयी ती दीर्घ युक्तिवाद करते, आणि खरे काय व खोटे काय हे तुझ्या अंतःकरणास ठाऊक आहे, असे राजास बजावते. अखेर आकाशवाणी तिच्या बाजूने साक्ष देते. तेव्हा राजा मंत्र्यांस सांगतो की, हे आपणासही ठाऊक होते. परंतु केवळ हिच्या शब्दावर मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. येथे दुष्यंताचा हेतू स्पष्ट आहे : लोकापवादाचे भय, किंवा अधिक उदार शब्दांत सांगावयाचे तर, वारसाच्या शुद्धतेविषयी प्रजेची खात्री करून देण्याची राजकीय दक्षता.

पाली जातककथांतील ‘कट्ठहारि’ जातकात मुद्रिका आहे. तेथे राजा वनात भेटलेल्या स्त्रीस खुणेची अंगठी देतो. ती मुलासह अंगठी घेऊन दरबारी येते, तेव्हा राजा ओळखूनही सभेच्या लज्जेने तिला नाकारतो. म्हणजे खुणेची अंगठी असूनही राजा खोटे बोलू शकतो, अशीही एक कथा भारतीय परंपरेत होती. या दोन्ही कथांत राजास आठवण आहे आणि तो असत्य बोलतो. ‘पद्मपुराणा’च्या काही पाठांत शापाची कथा आढळते, परंतु तो भाग कालिदासाच्या नंतरचा असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

२. आलंकारिकांचे उत्तर

नाटककाराने ही कथा का बदलली, या प्रश्नाचा विचार प्राचीन साहित्यशास्त्रकारांनी केला आहे. मूळ इतिवृत्तात रसास प्रतिकूल अशी स्थिती असेल तर ती सोडून कवीने रसोचित कथाभाग नव्याने कल्पावा, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगितले आहे आणि त्याचे उदाहरण म्हणून कालिदासाच्या प्रबंधांचाच निर्देश केला आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’तही नायकास किंवा रसास अनुचित असेल ते वगळावे अथवा बदलावे, असा नियम आहे. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त दुर्वासाच्या शापाची योजना ही प्रकरणवक्रतेचे उत्तम उदाहरण म्हणून वाखाणली आहे.

या मतांचा आशय असा की, जाणूनबुजून पत्नीस नाकारणारा नायक प्रेक्षकांच्या सहानुभूतीस पात्र राहत नाही. असा नायक असता तर पुढील विप्रलंभशृंगार हास्यास्पद झाला असता, कारण ज्याने स्वतः हाकलून दिले त्याच्या विरहास रसिकाच्या मनात जागा मिळत नाही. यास्तव शाप आवश्यक झाला. हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे नाटककाराच्या निवडीचे आहे, आणि तेवढ्यापुरते ते यथार्थ आहे.

परंतु यावरून एक निष्कर्ष सहज काढला जातो : कालिदासाने राजास दोषमुक्त केले. हा निष्कर्ष मात्र नाटकाच्या संहितेस मान्य नाही. नायकास निर्दोष ठरविणे एवढाच हेतू असता, तर राजाच्या वर्तनातील ज्या अनेक खुणा नाटककाराने शापाच्या आधी पेरून ठेवल्या आहेत, त्यांची काहीच आवश्यकता नव्हती. त्या खुणा क्रमाने पाहणे इष्ट आहे. नाटकाच्या देवनागरी आणि बंगाली पाठांत काही नावे व संवाद वेगळे आहेत. येथे देवनागरी पाठातील नावे घेतली आहेत.

३. शापापूर्वीच्या खुणा

पहिल्या अंकात राजा आपली ओळख लपवितो. आपण पौरव राजाने नेमलेला अधिकारी आहोत, असे तो भासवितो. शकुंतलेस वृक्षसिंचनाच्या ऋणातून सोडविण्यासाठी तो आपली नाममुद्रा पुढे करतो आणि मैत्रिणींनी तीवरील नाव वाचताच ती राजाकडून मिळालेली भेट असल्याचे सांगून वेळ मारून नेतो. पुढे जी अंगठी सत्याची खूण म्हणून निर्णायक ठरावयाची, तिचा रंगभूमीवरील प्रथम प्रवेश एका लहानशा लपवालपवीच्या प्रसंगी होतो. ही योजना सहेतुक मानावयास जागा आहे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा विदूषकास राजधानीस परत पाठवितो. हा अंतःपुरात काही बडबडेल, या भीतीने तो शकुंतलेविषयीचे आपले बोलणे थट्टेचे होते, ते खरे मानू नये, असे त्यास सांगतो. सहाव्या अंकात या वाक्याची किंमत वसूल होते. तू मला आठवण का दिली नाहीस, असे राजा विचारतो. तेव्हा विदूषक उत्तरतो की, आपण विसरलो नव्हतो, परंतु महाराजांनीच ती थट्टा असल्याचे सांगितले होते. दुर्वासाच्या शापाने राजाची स्मृती गेली. पण विदूषकाची गेली नव्हती. ज्या एका माणसाच्या साक्षीने सत्य उघड होऊ शकले असते, त्याचे तोंड राजाने स्वतःच, शापाच्या पुष्कळ आधी, बंद करून ठेवले होते.

तिसऱ्या अंकात अनसूया राजास सांगते की, राजांच्या अनेक प्रिया असतात असे ऐकिवात आहे. आमच्या सखीविषयी आप्तजनांस शोक करण्याची पाळी येऊ नये. चौथ्या अंकाच्या आरंभीच्या विष्कंभकात फुले वेचताना तीच शंका ती पुन्हा बोलून दाखविते : नगरात परतून अंतःपुरात रमलेल्या राजास इकडची आठवण राहील की नाही? दुर्वासाचा आवाज नेपथ्यातून ऐकू येतो तो यानंतर. विस्मरणाची शक्यता एका शहाण्या मुलीने केवळ राजांच्या रीतीवरून ताडली होती. शापाने तिच्या शंकेस प्रत्यक्ष रूप दिले.

पाचव्या अंकाचा प्रारंभ तर या दृष्टीने अतिशय सूचक आहे. शकुंतला रंगभूमीवर येण्यापूर्वी हंसपदिकेचे गीत ऐकू येते. राजाने एकदा प्रेम करून पुढे उपेक्षिलेली ही स्त्री भ्रमराच्या मिषाने त्यास टोमणा देते. राजास टोमणा कळतो; तो तिची समजूत घालण्यासाठी विदूषकास पाठवितो. हंसपदिकेस कोणी शाप दिलेला नाही; तिचे विस्मरण राजाच्या नित्याच्या जीवनक्रमातूनच झालेले आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी शाकुंतलावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात या प्रसंगाकडे लक्ष वेधले असून, शापाने जे घडले त्याचे बीज राजाच्या स्वभावात होते, असे प्रतिपादन केले आहे. त्यास रचनेची आणखी एक बाजू जोडता येईल. हंसपदिकेच्या समजुतीसाठी गेलेला विदूषक निराकरणाच्या वेळी अनुपस्थित राहतो. म्हणजे एका विसरलेल्या स्त्रीमुळे दुसऱ्या विसरलेल्या स्त्रीचा साक्षीदार दूर जातो.

४. अंतःकरणाचे प्रमाण

राजाचा हेतू समजून घेण्यासाठी आणखी एक सूत्र महत्त्वाचे आहे. पहिल्या अंकात ही ऋषिकन्या क्षत्रियास विवाहयोग्य असेल की नाही, अशी शंका राजास येते. ती तो अशी सोडवितो की, आपले सुसंस्कृत मन जिच्याकडे ओढले गेले ती योग्यच असली पाहिजे. संशयाच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा कौल हेच प्रमाण. अनुमान खरे ठरते, कारण शकुंतला विश्वामित्र व मेनका यांची कन्या असते. परंतु हे प्रमाण त्या वेळी राजाच्या इच्छेस अनुकूल होते, हे विसरता येत नाही.

पाचव्या अंकाच्या शेवटी तेच अंतःकरण पुन्हा बोलते. शकुंतला गेल्यानंतर राजा स्वतःशी म्हणतो की, विवाहाची आठवण नसली तरी अतिशय व्यथित झालेले आपले मन जणू तिच्या म्हणण्याची खात्री पटवीत आहे. शापाने स्मृती नष्ट केली. अंतःकरणाची साक्ष नष्ट केली नाही. पहिल्या अंकात जे प्रमाण राजाने तत्काळ मानले, तेच या वेळी त्याच्या इभ्रतीस प्रतिकूल असल्यामुळे त्याने बाजूस ठेवले. महाभारतातील शकुंतलेने राजास त्याच्या अंतःकरणाची साक्ष काढून दाखविली होती. कालिदासाने तिचे ते भाषण वगळले. परंतु त्यातील आशय राजाच्याच तोंडी, निराकरण होऊन गेल्यावर, ठेवला.

निराकरणाच्या प्रसंगी राजा परस्त्रीचा स्वीकार करीत नाही, ही त्याची धर्मनिष्ठा होय, आणि नाटककाराने ती आदराने दाखविली आहे. परंतु त्याच दृश्यात तो स्त्रीजातीच्या उपजत कपटाविषयी उपरोधाने बोलतो. नकार देण्यास धर्म पुरेसा होता. उपरोधाची गरज नव्हती. शापाने राजास पत्नी विसरावयास लावले, अपमान करावयास लावले नाही. कारण आणि हेतू यांतील भेद येथे अगदी उघड दिसतो.

५. कोणास, केव्हा, काय ठाऊक

पात्राच्या हेतूविषयी बोलताना त्या पात्रास त्या क्षणी काय ठाऊक आहे, याची नोंद ठेवणे अगत्याचे असते. प्रेक्षकास शापाची वार्ता चौथ्या अंकाच्या आरंभी कळते. नाटकातील पात्रांपैकी ती अनसूया व प्रियंवदा या दोघींस कळते, आणि शकुंतलेच्या कोमल मनास धक्का बसू नये म्हणून त्या ती तिच्यापासून लपवितात. निरोप देताना राजाने ओळखण्यास विलंब लावल्यास अंगठी दाखव, एवढेच सांगतात. शकुंतला पाचव्या अंकात राजास ‘अनार्य’ म्हणते, ती तिच्या ज्ञानाप्रमाणे पूर्ण न्यायाने.

सहाव्या अंकात धीवराजवळची अंगठी पाहताच राजास सारे आठवते. शापाची गोष्ट मात्र त्यास अजूनही ठाऊक नाही. आपण विसरलो एवढेच तो जाणतो. का विसरलो, हे त्यास सांगणारा कोणी नाही. म्हणून तो वसंतोत्सव बंद करवितो, चित्रापुढे बसतो, अंगठीस दोष देऊन अखेर स्वतःस दोष देतो. शापाचा आश्रय घेण्याची संधीच नाटककाराने त्यास ठेवलेली नाही. याच अंकात समुद्रात बुडालेल्या निपुत्रिक धनमित्र व्यापाऱ्याच्या संपत्तीचा प्रश्न येतो. ती राजकोशात जमा करण्याऐवजी त्याच्या पत्नींपैकी कोणी गरोदर आहे काय, याची चौकशी राजा प्रथम करवितो आणि गर्भस्थ मुलाचा हक्क मान्य करतो. स्वतः एका गर्भवतीस दारातून परत पाठविलेला राजा या निर्णयापर्यंत येतो, त्यात त्याच्या मनाचे परिवर्तन प्रत्यक्ष कृतीने दिसते.

सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात राजा शकुंतलेच्या पायांवर डोके ठेवतो. या वेळीही दोघांस शापाची माहिती नाही. शकुंतला आपल्याच पूर्वकर्मास दोष देते. क्षमायाचना आणि क्षमा दोन्ही पूर्ण झाल्यानंतरच मारीच मुनी शापाचा उलगडा करतात. राजास हायसे वाटते. पतीने आपणास विनाकारण टाकले नव्हते, याचे शकुंतलेस समाधान होते. हा उलगडा पुनर्मीलनाच्या आधी घातला असता तर शाप ही राजाची सबब झाली असती. तो नंतर घातल्यामुळे पश्चात्ताप व क्षमा ही दोन्ही सबबीवाचून झाली. सर्व नाटकात नाटककाराच्या निवडीचा हा सर्वांत निर्णायक पुरावा मानावा लागेल.

६. या निवडीची किंमत

प्रत्येक वाङ्मयीन निवडीने काही साधते, तसे काही गमावलेही जाते. महाभारतातील शकुंतला अट घालणारी, युक्तिवाद करणारी, सभेत एकटी उभी राहून सत्याचा आग्रह धरणारी स्त्री आहे. नाटकातील शकुंतला बोलते थोडे. तिच्या वतीने शार्ङ्गरव, शारद्वत आणि गौतमी बोलतात, आणि त्यांतील शार्ङ्गरव एकांतातील संगतीच्या उतावळेपणाबद्दल तिलाही बोल लावतो. रोमिला थापर यांनी शकुंतलेच्या कथारूपांवरील आपल्या ग्रंथात (१९९९) हा फरक त्या त्या काळाच्या सामाजिक संदर्भात तपासला आहे. शापामुळे दोषाचा काही भार शकुंतलेच्या अतिथिधर्मातील चुकीकडे सरकतो, हा आक्षेपही साधार आहे. पहिल्याच अंकात कण्वांनी अतिथिसत्काराचे काम तिच्यावर सोपविल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ती चूक नाटककाराने आरंभापासून रचून ठेवली होती.

हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पुनर्मीलनानंतर राजा अंगठी पुन्हा शकुंतलेच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा हिच्यावर आपला विश्वास नाही, ती आर्यपुत्रांनीच धारण करावी, असे ती सांगते. एवढ्या एका उद्गारात नाटककाराने तिला तिचा न्याय दिला आहे. आठवणीसाठी खुणेची गरज लागावी, असा संबंध तिला आता नको आहे. स्मरणाची जबाबदारी ती राजाकडे परत सोपविते.

७. समारोप

महाभारतकाराने विचारलेला प्रश्न असा होता : सत्य ठाऊक असलेला राजा ते का नाकारतो? कालिदासाने प्रश्नच बदलला : ज्यास आपले प्रेम खरे वाटत होते, असा मनुष्य ते विसरतो कसा? पहिल्या प्रश्नात हेतू असत्याचा आहे आणि त्याचे उत्तर सभेत, साक्षीपुराव्याने मिळते. दुसऱ्या प्रश्नात हेतू सैल वर्तनाचा आहे. ओळख लपविणे, थट्टा म्हणून सारवासारव करणे, हंसपदिकेस विसरणे, अंतःकरणाचा कौल सोयीप्रमाणे मानणे, या लहान लहान गोष्टींतून ते वर्तन घडले आहे. त्याचे उत्तर सभेत मिळू शकत नाही. ते एकांतातील अनुतापात आणि दीर्घ विरहातच मिळते. नाटकाचे शेवटचे दोन अंक त्यासाठी आहेत.

या उदाहरणावरून अभ्यासाची जी पद्धत सुचते, ती इतर अभिजात कृतींसही लागू पडण्यासारखी आहे. प्रथम पूर्वपरंपरेशी तुलना करून लेखकाचे बदल निश्चित करावेत. नंतर पात्राच्या कृतीचे कथेत दिलेले कारण आणि त्या कृतीमागील हेतू वेगळे काढावेत. त्यानंतर कोणत्या पात्रास कोणत्या क्षणी काय ठाऊक आहे, याचा क्रम मांडावा, आणि मगच लेखकाच्या योजनेविषयी निर्णय द्यावा. या क्रमाने गेल्यास दुर्वासाचा शाप हे राजाच्या बचावाचे साधन राहत नाही. मनुष्य न ठरविताही किती दूरचा अन्याय करू शकतो आणि तो त्याने आपला म्हणून कसा पत्करावा, हे दाखविण्यासाठी नाटककाराने केलेली ती योजना होय.